संदर्भ कपाट: पावसाळ्यातल्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला. सर्व्हरच्या खोलीचं छप्पर बघून घ्यायचं राहिलं ते राहिलंच. कोपऱ्यात बादली ठेवली आहे. काम सुरू.

आमच्या सर्व्हरवर एक फोल्डर आहे, त्याला सगळे 'कपाट' म्हणतात. माणूस, गाय, म्हैस, डुक्कर, कोंबडी, उंदीर यांचे संदर्भ जीनोम, म्हणजे त्या त्या प्राण्याच्या डीएनएची सगळ्यांनी प्रमाण मानलेली अक्षरमाला, त्यात असतात. नमुन्याचं सिक्वेन्सिंग झालं की मशीनमधून निघालेले डीएनएचे लहान तुकडे, म्हणजे रीड्स, यातल्या एखाद्या जीनोमवर बसवायचे आणि कुठे अक्षर वेगळं दिसतं ते टिपायचं. इतक्या वर्षांत ज्याला जे लागलं ते त्याने आणून टाकलं. काढून मात्र कुणी काही नेलं नाही. हे आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, आणि मदतीला डिचोलीहून येणारी एमएस्सीची मुलगी.

आज फक्त मोजदाद. माणसाच्याच सात फायली निघाल्या: 'एचजी१९', 'एचजी१९_फायनल', 'एचजी१९_फायनल२', 'ह्यूमन_नवीन', 'रेफ_सरांचं', 'जीआरसीएच३८' आणि 'हे_वापरा'. शेवटचीला शेंडा ना बुडखा.

३ जून, मंगळवार

नावावर जायचं नाही, लांबी मोजायची. पहिल्या क्रोमोसोमची लांबी हीच ओळखीची खूण. २४,९२,५०,६२१ बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, असतील तर फेब्रुवारी २००९ मध्ये आलेली जीआरसीएच३७, म्हणजे लोक जिला एचजी१९ म्हणतात ती. २४,८९,५६,४२२ असतील तर डिसेंबर २०१३ ची जीआरसीएच३८. २४,८३,८७,३२८ असतील तर टीटूटी, म्हणजे 'टेलोमिअर-टू-टेलोमिअर' गटाची सीएचएम१३.

'ह्यूमन_नवीन' निघाली ३७. म्हणजे नवीन कधी तरी होती.

पहिला क्रोमोसोम जुळला म्हणून सुटका होत नाही. मायटोकॉन्ड्रियाचं छोटं वर्तुळही बघावं लागतं. 'एचजी१९' मध्ये ते १६,५७१ बेसचं, 'एचजी१९_फायनल' मध्ये १६,५६९ चं. पहिलं यूसीएससीने, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या जीनोम भांडाराने, सुरुवातीला घेतलेलं योरूबा व्यक्तीचं सिक्वेन्स, दुसरं सुधारित केंब्रिज सिक्वेन्स. मायटोकॉन्ड्रियाचे आजार बघणारं सगळं जग दुसऱ्याच्या क्रमांकांवर चालतं. एका फायलीत काढलेला फरक दुसरीच्या तक्त्यात शोधला तर पत्ता एक-दोन घरं पुढे-मागे. 'फायनल' कुणी केली आणि का, हे कुठेही लिहिलेलं नाही. फायलीच्या मालकाचं नाव पाहिलं. मीच.

५ जून, गुरुवार

मुलीने विचारलं, "ताई, या १६,५६९ मध्ये ३१०७ व्या जागी एन कसा? बाकी कुठेच नाही."

फार चांगली नजर. १९८१ मध्ये केंब्रिजमध्ये हे वर्तुळ पहिल्यांदा वाचलं गेलं तेव्हा ३१०६ आणि ३१०७ या जागी दोन सी लिहिले गेले. १९९९ मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा कळलं की तिथे एकच सी आहे. आता एक अक्षर काढून टाकलं तर पुढची तेरा हजारांवर अक्षरं एकेक घर मागे सरकतात, आणि अठरा वर्षांत छापलेले सगळे क्रमांक चुकतात. म्हणून अक्षर काढलं, जागा ठेवली. तिथे एन घातला, म्हणजे 'इथे अक्षर नाही किंवा माहीत नाही' अशी खूण. म्हणजे खरी अक्षरं १६,५६८, पण मोजायची १६,५६९.

ती म्हणाली, "म्हणजे चूक दुरुस्त केली, पण तिचं घर तसंच ठेवलं."

अगदी तसंच.

१० जून, मंगळवार

दुपारी तीनदा वीज गेली. यूपीएसने दोनदा तग धरला. काम शून्य.

१६ जून, सोमवार

आज नावं ठरवली. आमची स्वतःची नावं बंद, प्रत्येक फायलीला सार्वजनिक भांडारातला नोंदणी क्रमांकच. जीआरसीएच३८ चा मूळ क्रमांक जीसीए_०००००१४०५.१५. टिंबानंतरचा आकडा आवृत्तीचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या चौदाव्या पॅचसह तीच असेंब्ली, म्हणजे तुकडे जोडून बांधलेला जीनोम, .२९ होते. नुसतं '३८ वापरली' म्हणणं म्हणजे 'मी फोंड्याला राहतो' असं सांगून पत्र यायची वाट बघणं.

पॅच म्हणजे काय यावर अर्धा तास गेला, तो लिहून ठेवते. माणूस, उंदीर, झेब्राफिश, कोंबडी आणि प्रयोगशाळेतला मोठा उंदीर, म्हणजे रॅट, यांच्या संदर्भ असेंब्ली जीआरसी म्हणजे जीनोम रेफरन्स कन्सॉर्शियम सांभाळतं. अमेरिकेतल्या एनसीबीआय आणि वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मॅकडॉनेल संस्थेपासून इंग्लंडातल्या सँगर आणि ईबीआयपर्यंत संस्था त्यात आहेत. कुठे चूक सापडली की ते मूळ क्रोमोसोमला हात लावत नाहीत. दुरुस्त केलेला तुकडा वेगळा देतात आणि तो कुठे बसतो ते सांगतात. हा 'फिक्स' पॅच. चूक नाही, पण लोकांमध्ये दुसरंही रूप आढळतं असा तुकडा असेल तर 'नॉव्हेल' पॅच. फिक्स पॅच पुढच्या मोठ्या आवृत्तीत मूळ क्रोमोसोममध्ये मुरवायचे असा बेत.

मेख अशी की पुढची मोठी आवृत्ती, जीआरसीएच३९, त्यांनी अनिश्चित काळासाठी पुढे ढकलली आहे. म्हणजे दुरुस्तीच्या चिठ्ठ्या वहीला टाचलेल्याच राहणार. आणि आमच्यासारखे बहुतेक जण चिठ्ठ्या न वाचता वही वापरतात.

२५ जून, बुधवार

काल सांजांव, गोव्यातला पावसाळी सण. रस्त्यावर डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घातलेली पोरं, वर पाऊस. आज अर्धी रजा. बाबांना घेऊन मामलेदार कचेरीत.

आजोबांच्या नावावरची बागायत बाबा आणि काका यांच्यात वाटायची आहे. बाबा सकाळपासून "म्युटेशन, म्युटेशन" करतायत, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला फेरफार. माझ्या कामातलं म्युटेशन आणि त्यांच्या कामातलं म्युटेशन एकाच ताटात जेवायला बसलं, तरी एकमेकांना ओळखणार नाही असं इतके दिवस वाटत होतं. बाकावर दीड तास बसले तेव्हा मत बदललं.

एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबारावर, आमचा सर्व्हे नंबर आहे. वाटणी झाली की त्याच नंबराच्या पोटात भाग पडतील, एक-ए, एक-बी. शेजाऱ्याचा नंबर जागचा हलणार नाही. ही झाली पॅचची पद्धत. पण आजोबांचा मूळ दस्त पोर्तुगीज काळातला. त्यावर मात्रीझचा, म्हणजे तेव्हाच्या करवहीचा, आकडा आहे, जुन्या मोजणीचा क्रमांक आहे, आणि चतुःसीमेत शेजारी म्हणून ज्यांची नावं आहेत त्यांची नातवंडंसुद्धा आता म्हातारी झाली. पुढे सगळ्या गोव्याची नव्याने मोजणी झाली आणि सर्व्हे नंबर आले. जुन्या आकड्याची जमीन नव्या आकड्यात नेमकी कुठे, हे जुळवून दाखवायला वेगळा कागद लागतो. कधी जुन्या एकाचे नव्यात तीन होतात. कधी जुना तुकडा नव्यात सापडतच नाही आणि मग कोर्टाची पायरी. ३७ वरून ३८ वर जाताना आम्ही जी लिफ्टओव्हरची साखळी-फाइल वापरतो, ती म्हणजे हाच कागद.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "तुमच्याकडे स्टॅम्प ड्युटी लागते काय?"

३० जून, सोमवार

लिफ्टओव्हर करायला घेतला. जुन्या रक्तविकार प्रकल्पाची फरकांची यादी ३७ वर आहे, ती ३८ वर न्यायची.

सकाळी मुलीने चालवला, दुपारपर्यंत सगळं सुरळीत, एकही लाल ओळ नाही. इतकं सुरळीत झालं की मला धास्ती वाटते. यादीतल्या दहा जागा काढून नव्या जीनोममधलं अक्षर तपासलं. दहापैकी सात ठिकाणी यादीत म्हटलेलं मूळ अक्षर तिथे नव्हतंच, शेजारच्या घरात होतं. जुनंच दुखणं: बेड प्रकारच्या फायलीत (जागांची यादी) मोजणी शून्यापासून, व्हीसीएफमध्ये (फरकांची यादी) एकपासून. एकातून दुसऱ्यात नेताना एक मिळवायचा राहिला. मग उरलेली तीन कशी जुळली? शेजारचं अक्षर योगायोगाने तेच होतं. चार अक्षरांच्या भाषेत असे योगायोग फार. म्हणून एक-दोन जागा तपासून 'ठीक' म्हणायचं नाही.

ते निस्तरलं, पण खरी गोष्ट संध्याकाळी निघाली, ती सविस्तर लिहिते.

पहिल्या क्रोमोसोमवर एफ५ नावाचं जनुक आहे, रक्त गोठण्याच्या कामातलं. त्यातला एक फरक डॉक्टर लोकांत प्रसिद्ध आहे, फॅक्टर फाइव्ह लायडन. तो असणाऱ्याच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. ३७ वर त्याची जागा १६,९५,१९,०४९, ३८ वर १६,९५,४९,८११. साखळी-फायलीने जागा बिनचूक हलवली. पण ३७ मध्ये त्या जागी संदर्भ म्हणून टी लिहिलेला आहे, आणि टी हेच धोक्याचं अक्षर. म्हणजे ज्या दात्याचा तो तुकडा संदर्भात गेला, त्याच्याकडे लायडनचं रूप होतं आणि ते सगळ्या जगाचं 'मूळ' होऊन बसलं. ३८ मध्ये ते सी केलं.

याचा परिणाम बघा. ३७ वर काम केलं तर धडधाकट माणूस त्या जागी 'वेगळा' दिसतो. आणि ज्याच्या दोन्ही प्रतींत लायडन आहे तो संदर्भाशी तंतोतंत जुळतो, म्हणून यादीत येतच नाही. ज्याला शोधायला निघालो तोच गाळला जातो. आता अशी यादी ३८ वर नेताना नुसती जागा हलवून भागत नाही. मूळ कोण आणि वेगळं कोण हे उलटं करावं लागतं, आणि जो यादीतच नव्हता त्याला यादीतून कसा आणणार? त्याच्यासाठी रीड्सपासून पुन्हा काम.

निर्णय: याद्या हलवायच्या नाहीत. कच्चे रीड्स ज्यांचे आहेत त्यांचे ३८ वर नव्याने बसवायचे. वेळ जाईल. जाऊ दे.

१ जुलै, मंगळवार

सगळ्यांना निर्णय कळवला. दोघं नाराज, एकाने "पेपर छापून झालाय आता" असं म्हटलं. चहा, मिरची भजी. पुढे.

९ जुलै, बुधवार

रक्तविकारवाल्या डॉक्टरांचा फोन. "तुमच्या नव्या ३८ मध्ये यू२एएफ१ कुठे गेलं हो? ज्या नमुन्यात तुमच्या जुन्या रनमध्ये भरपूर रीड्स होते, त्याच नमुन्यात आता शून्य दाखवतंय."

नमुना तोच, कच्ची फाइल तीच, मी फक्त संदर्भ बदललाय. म्हणजे दोष माझ्या कपाटातच.

आयजीव्हीमध्ये, म्हणजे रीड्स डोळ्याने बघायच्या प्रोग्राममध्ये, उघडलं. यू२एएफ१ हे जनुक: एकविसावा क्रोमोसोम, ४ कोटी ३१ लाखांच्या आसपास. रीड्स होते, भरपूर होते, पण सगळे पोकळ, नुसती रेघांची चौकट, आत रंग नाही. मॅपिंग क्वालिटी शून्य असली की आयजीव्ही त्यांना असंच दाखवतो. शून्याचा अर्थ हा रीड आणखी एका जागी तितकाच चपखल बसतो, खरी जागा कुठली ते सांगता येत नाही. फरक शोधणारा प्रोग्राम असे रीड्स हिशेबात धरत नाही. म्हणून डॉक्टरांच्या तक्त्यात शून्य.

दुसरी जागा कुठली? त्याच क्रोमोसोमच्या आखूड भुजेवर, ६५ लाखांच्या आसपास. तिथे यू२एएफ१ ची जवळजवळ हुबेहूब प्रत आहे. त्याच भागात सीबीएस, क्राया आणि केसीएनई१ या जनुकांच्याही प्रती. माणसाच्या शरीरात त्या नाहीत. ३८ बांधताना तो भाग चुकून दुसऱ्यांदा जोडला गेला. ३७ मध्ये ही दुसरी प्रत नव्हती, म्हणून जुन्या रनमध्ये सगळं दिसत होतं. नवी आवृत्ती बहुतेक ठिकाणी चांगली आणि नेमकी इथे जुनीहून वाईट.

यू२एएफ१ च्या प्रथिनात ३४ व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असतं; तिथे होणारा बदल मायलोडिस्प्लास्टिक आजारांत, म्हणजे अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न घडण्याच्या आजारांत, वारंवार सापडतो. नेमका तोच झाकला जात होता.

डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे नसलेल्या जुळ्या भावामुळे असलेला ओळखता येत नाही." मग जरा थांबून, "आणि हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

वाचलेलं होतं. कपाटात तपासलं नव्हतं. तसंच सांगितलं.

११ जुलै, शुक्रवार

उपाय सोपा आहे, हेच जिवाला लागतं. खोट्या प्रतीवर एन फासायचे, म्हणजे अक्षरं झाकायची. लांबी तीच राहते, कुणाचा पत्ता हलत नाही, रीड्सना मात्र तिथे बसायला जागा उरत नाही आणि ते निमूट खऱ्या घरी जातात. वाय क्रोमोसोमच्या टोकांचा एक्सशी सारखा असलेला भाग याच रीतीने झाकलेली फाइल आम्ही आधीपासून वापरतोच. या जागांची यादीही जीआरसीने प्रसिद्ध केलेली आहे. आम्ही नुसती घेतलेली नव्हती.

झाकलं, तोच नमुना पुन्हा बसवला, रात्री साडेनऊला उघडला. रीड्सना रंग आलाय. खिडकीबाहेर बेडूक ओरडतायत आणि मी एकटीच रंगीत रेघांकडे बघत बसलेय.

याच्या उलटा दोषही आहे, तो झाकून सुटत नाही. काही ठिकाणी माणसात दोन प्रती आहेत आणि ३८ मध्ये एकच. केएमटी२सी, एमएपी२के३ ही जनुकं त्यातली उदाहरणं. तिथे दोन घरांची माणसं एकाच घरात दाटीवाटीने बसतात आणि प्रोग्रामला वाटतं की हा माणूस त्या जागी मिश्र आहे, म्हणजे त्याच्या दोन प्रतींत दोन वेगळी अक्षरं आहेत. अशा जागांतून आलेल्या फरकांवर तूर्त शिक्का मारायचा, विश्वास ठेवायचा नाही.

१८ जुलै, शुक्रवार

गुरांचे डॉक्टर आले. पावसात भिजलेली फाइल, आत नमुन्यांची यादी. श्वेत कपिला. गोव्याची ही पांढरी, लहान चणीची गाय आता नोंदणीकृत जात आहे, तसंच आगोंद गोवन डुक्करही. त्यांना विचारायचं होतं, गाईचे रीड्स कशावर बसवणार.

कपाटात गाईची एकच असेंब्ली होती, एआरएस-यूसीडी१.२. ती अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गाईची. लाल अंग, पांढरं तोंड, वशिंड नाही. आपल्या गाईला वशिंड. दोन्ही वंश लाखाहून जास्त वर्षांपूर्वीच वेगळे झालेले. आपल्या गाईचा रीड जिथे डॉमिनेटपेक्षा वेगळा, तिथे त्याला बसताना गुण कमी मिळतात. फार वेगळा असेल तर तो बाहेर फेकला जातो. परिणामी जिथे अर्धे रीड्स एका अक्षराचे आणि अर्धे दुसऱ्याचे दिसायला हवेत, तिथे तराजू डॉमिनेटच्या बाजूला झुकतो. गाय आपली आणि मोजमाप तिचं.

वशिंडाच्या गाईची चांगली असेंब्ली आहे. यूओए_ब्राह्मन_१, २०२० मध्ये तिच्यावरचा पेपर आला. ती ज्या तऱ्हेने केली ते मला फार आवडतं. ब्राह्मन आई आणि अँगस बाप यांच्या संकरातला गर्भ घेतला, त्याचे लांब रीड्स वाचले, आणि आईबापांच्या डीएनएशी ताडून कुठला रीड आईकडचा आणि कुठला बापाकडचा ते आधीच वेगळं केलं. मग दोन ढिगांतून दोन असेंब्ली. मिश्र पिशवी तशीच न दळता दाणे आधी निवडून मग दळल्यासारखं. आणि गंमत अशी की ब्राह्मन ही जात अमेरिकेत घडली, पण घडली ती इथून नेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल वंशाच्या गुरांतून. आपल्या गाईला नातलग शोधायला अमेरिकेला जावं लागलं आणि सापडला तो इथलाच.

डॉक्टर म्हणाले, "छान. पण माझ्या यादीत तीन बैल आहेत."

इथे अडलं. गर्भ नर होता, म्हणजे वाय बापाकडून आला. तो अँगसच्या असेंब्लीत गेला. ब्राह्मनच्या वाट्याला एक्स. बैलाच्या वायचे रीड्स ब्राह्मनवर बसवले तर त्यांना घरच नाही. जवळचं काही सापडलं तर एक्सवर चिकटतील आणि तिथे खोटे फरक दिसतील. अँगसचा वाय उसना आणून जोडता येतो, पण वशिंडाच्या गुरांचा वाय सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा वेगळा दिसतो, त्याचा सेंट्रोमिअर, म्हणजे क्रोमोसोमची चिमटलेली कंबर, टोकाला असतो, बिनवशिंडाच्यांत तो मधल्या बाजूला. तूर्त असं ठरलं: ब्राह्मन मुख्य, सोबत अँगसचा वाय फक्त भटक्या रीड्सना आसरा म्हणून, आणि त्या वायवरचा एकही फरक अहवालात घ्यायचा नाही. हे फायलीच्या नावातच लिहिलं, कारण टिपण कुणी वाचत नाही.

जाताना डॉक्टरांनी पिशवीतून अळूची पानं काढून दिली.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

घरी पातोळ्या, म्हणून उशिरा आले. शेजारच्या प्रयोगशाळेने शेवट्या माशाच्या असेंब्लीचा कच्चा मसुदा बघायला दिलाय. शेवटो हा गोव्याचा राज्यमासा, त्यामुळे बघणाऱ्यांची गर्दी. मी फक्त हाय-सी नकाशा पाहिला.

हाय-सी म्हणजे पेशीत डीएनएची घडी पडलेली असताना कोण कोणाला टेकलंय त्याची मोजणी. क्रोमोसोमवर जे जवळ ते जास्त टेकतं. म्हणून नकाशावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गडद कर्णरेषा दिसते आणि क्रोमोसोमागणिक एकेक चौकोन. चौथ्या चौकोनात ती रेषा मधेच तुटली होती आणि तुटलेल्या दोन टोकांमध्ये उलट्या दिशेने फुलपाखरासारखा डाग. तो तुकडा उलटा जोडला गेलाय. माऊसने धरून फिरवला, रेषा सलग झाली. हे काम प्रोग्राम बरंचसं करतो, पण शेवटचं डोळ्यानेच.

मुलगी म्हणाली, "ताई, प्रत्येक जोडावर बरोबर शंभर एन कसे? सगळ्या फटी सारख्याच लांबीच्या?" शंभर एन म्हणजे शंभर बेस नव्हे. लांबी माहीत नसलेल्या फटीसाठी ठरवलेला तो आकडा आहे. तिथे दहा असतील नाहीतर दहा लाख.

एक छोटा तुकडा कशालाच टेकत नव्हता, नकाशावर एकटा. दूषण तपासणाऱ्या प्रोग्रामने सांगितलं की जिवाणू. मासळीबरोबर आलेला. काढला.

६ ऑगस्ट, बुधवार

कोंबडी. जीआरसीजी७बी आणि जीआरसीजी७डब्ल्यू अशा दोन, एकाच पक्ष्याच्या आई-बापाकडच्या. आई ब्रॉयलर, बाप व्हाइट लेगहॉर्न. कपाटात दोन्हींना 'चिकन७' नाव होतं. वेगळं केलं. उंदीर जीआरसीएम३९ वर नेला, त्याची ३८ बाजूला काढून ठेवली, कारण माणसाच्या ३८ शी तिची गल्लत होऊन एकाने खरंच माणसाचे रीड्स उंदरावर बसवले होते. कोण ते लिहीत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

बैठक. सरांनी विचारलं, "२०२२ मध्ये माणसाचा पूर्ण जीनोम आला ना? मग आपण अजून २०१३ च्या जुन्या घराला डागडुजी कसली करतोय?"

प्रश्न रास्त. सीएचएम१३ मध्ये फटी नाहीत, सेंट्रोमिअर आहेत, जवळपास २० कोटी बेस नव्याने आले. २०२३ मध्ये वायही पूर्ण झाला, ६ कोटी २४ लाख ६० हजार २९ बेसचा. त्यात खोटा यू२एएफ१ नाही. पण डॉक्टरांना निकाल द्यायचा तर फरक लोकांत किती आढळतो ते नोमॅड या सार्वजनिक संग्रहात बघावं लागतं, आणि त्याची चौथी आवृत्ती ३८ च्या क्रमांकांवर आहे. कुठला फरक कुठल्या आजाराशी जोडलाय ते सांगणारं क्लिनव्हारही ३७ आणि ३८ चेच क्रमांक देतं. पत्ता नवा आणि पोस्टमन जुना, अशी गत व्हायची.

शिवाय सीएचएम१३ म्हणजे एका असामान्य गर्भधारणेतल्या पेशींचा वंश, दोन्ही प्रती सारख्याच. वाचायला सोपा म्हणूनच निवडलेला. ३८ मधलाही सुमारे ७० टक्के भाग एकाच दात्याचा, बफेलो शहरात वर्तमानपत्रात जाहिरात देऊन मिळवलेल्यांपैकी एकाचा. मे २०२३ मध्ये ४७ जणांचा पॅनजीनोम आला, सरळ रेषेऐवजी जाळं. आपल्याकडे जीनोम इंडियाचे ८३ समूहांतले १०,००० नमुने फरिदाबादच्या भांडारात आहेत. पण तेही कशावर तरी बसवूनच वाचायचे.

माझं म्हणणं मी मांडलं: ३८ झाकलेली हीच कचेरीची वही. सीएचएम१३ साक्षीदार म्हणून शेजारी. वादग्रस्त जागेचा नमुना दोन्हीवर बसवायचा, दोघं वेगळं सांगत असतील तर डोळ्याने बघायचं. सर "हूं" म्हणाले. त्यांच्याकडे तो होकार असतो.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा चवथ. निम्मं ऑफिस आजच गावाला. घरी माटोळीचं सामान आणायचंय, रानातली फळं यंदा महाग.

कपाटात आता माणसाच्या सातऐवजी तीन फायली. प्रत्येक क्रोमोसोमची लांबी आणि चेकसम (फाइल बदलली नाही ना हे सांगणारा आकडा) असलेली एक ओळखपत्राची फाइल सोबत. 'हे_वापरा' काढली नाही, कुलूप लावून वेगळी ठेवली. तिच्यावर बसवलेले जुने नमुने आहेत तोवर ती जाळता येत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

नव्याने बसवलेल्या नमुन्यांपैकी एकात यू२एएफ१ च्या त्या ३४ व्या सेरीनच्या जागी बदल दिसतोय. रीड्स थोडे, पण रंगीत. डॉक्टरांना कळवलं. त्यांनी लगेच विचारलं, सँगर या जुन्या वाचन-पद्धतीने खात्री करायला प्रायमर, म्हणजे नेमकी ती जागा पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, किती दिवसांत मिळतील.

मुलगी प्रायमर आखायला बसली. अर्ध्या तासाने माझ्या टेबलाशी येऊन उभी. "ताई, टूल म्हणतंय हा प्रायमर दोन जागी बसतो, चालणार नाही. चारपाच जोड्या बघितल्या, सगळ्यांना तेच."

"दुसरी जागा कुठली दाखवतंय?"

"एकवीसच. ६५ लाखांच्या आसपास."

"टूल कुठल्या फायलीवर चालतंय?"

तोंड उघडलं, मिटलं, आणि ती परत आपल्या खुर्चीकडे गेली.